१, २, ४, ८, १६ आणि त्यानंतर?

आठवीच्या वर्गात घडलेला एक प्रसंग आधी सांगतो. त्यात चूक आमची होती, म्हणूनच तो इतर शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

वर्तुळाच्या परिघावर काही बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंना रेषाखंडाने जोडायचा आणि वर्तुळाचे एकूण किती भाग झाले ते मोजायचे, असा तो खेळ होता. एकच बिंदू असेल तर जोडायला काहीच नाही; भाग एक. दोन बिंदूंचे दोन भाग. तीन बिंदूंचे चार, चारांचे आठ, पाचांचे सोळा. मुलांनी वहीत आकृत्या काढून हे सारे मोजले. फळ्यावर १, २, ४, ८, १६ अशी ओळ तयार झाली आणि वर्ग एका सुरात ओरडला, "पुढे बत्तीस!" आम्हीही मान डोलावली.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, माझे एकतीसच येतात." आम्ही म्हणालो, "नीट मोज. एखादा बारीक भाग सुटला असेल." तिने पुन्हा मोजले. एकतीसच. तिसऱ्यांदा मोजले. मग शेजारणीच्या वहीत डोकावून तिने मुकाट्याने ३१ खोडले आणि ३२ लिहिले. शेजारणीने सहा बिंदूंची आकृती काढलीच नव्हती. वर्गातल्या बहुतेकांनी काढली नव्हती.

रात्री घरी मोठ्या कागदावर आम्ही ती आकृती काढली. भाग एकतीसच होते. दुसरी काढली, त्यातही एकतीस. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे चूक कबूल केली. पण मनातली टोचणी गेली नाही. एका मुलीने प्रामाणिकपणे मोजून बरोबर उत्तर काढले होते, आणि गणिताच्या तासाला, गणिताच्या शिक्षकाने तिला ते खोडायला लावले होते. असे का झाले?

पुढची संख्या ओळखा!

संख्यामालिका मुलांना नवीन नसतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत '२, ६, १२, २०, ? ' अशी उदाहरणे ती ढिगांनी सोडवतात. फरक काढायचा, नियम ओळखायचा, ३० लिहायचे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे. या सरावाने नजर तयार होते, हे खरे. पण त्याचबरोबर एक चुकीची समजूतही पक्की होते, ती अशी की चार-पाच संख्यांत नियम दिसला की काम संपले. वस्तुतः गणिताचे काम तिथून सुरू व्हायचे असते.

एक उदाहरण गणिताच्या इतिहासातले पाहू. २, ४, १६, २५६, ६५५३६ या संख्यांत प्रत्येक संख्या आधीच्या संख्येचा वर्ग आहे. प्रत्येकीत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. सतराव्या शतकातील थोर फ्रेंच गणिती फर्मा याने असे मानले की याच रीतीने पुढे मिळणाऱ्या सर्व संख्या मूळ असणार. पुढची, म्हणजे सहावी संख्या ४२९४९६७२९७. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे ऑयलरने १७३२ साली दाखवून दिले. पाच उदाहरणांवरून फर्मासारखा माणूस फसतो, तर आठवीतल्या मुलांना आणि आम्हाला दोष किती द्यायचा? दोष असलाच तर पुढचा प्रश्न न विचारण्याचा. तो प्रश्न म्हणजे 'असे का?'

हा प्रश्न वर्गात कसा रुजवावा याचा आम्ही बराच विचार केला आणि पुढच्या वर्षी एक वेगळे कोडे घेऊन तीन तास दिले. ते तपशिलाने सांगतो, म्हणजे कोणालाही आपल्या वर्गात करून पाहता येईल.

क्रमागत संख्यांचे कोडे

कोडे असे : ९ ही संख्या ४ + ५ अशी लिहिता येते, २ + ३ + ४ अशीही लिहिता येते. म्हणजे ती क्रमाने येणाऱ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज आहे. कोणत्या संख्या अशा लिहिता येतात आणि कोणत्या येत नाहीत? (बेरजेत निदान दोन संख्या हव्यात.)

हे कोडे निवडण्याचे कारण सोपे आहे. बेरीज येणारे कोणतेही मूल सुरुवात करू शकते. हुशार मानली जाणारी मुले आणि मागे पडलेली मुले पहिली पंधरा मिनिटे एकाच पायरीवर असतात. जोड्या पाडून आम्ही १ ते ३० या संख्या वाटून दिल्या आणि मिळेल ते फळ्यावर लिहायला सांगितले. त्यातला काही भाग असा :

३ = १ + २
५ = २ + ३
६ = १ + २ + ३
७ = ३ + ४
१० = १ + २ + ३ + ४
१२ = ३ + ४ + ५
१४ = २ + ३ + ४ + ५
१५ = ७ + ८ = ४ + ५ + ६ = १ + २ + ३ + ४ + ५
१८ = ५ + ६ + ७ = ३ + ४ + ५ + ६
२० = २ + ३ + ४ + ५ + ६

या वेळी आम्ही स्वतःवर तीन बंधने घातली होती. उत्तर सांगायचे नाही. मुलांनी केलेले प्रत्येक विधान, चूक असो वा बरोबर, फळ्याच्या उजव्या बाजूला ज्याचे त्याच्या नावाने लिहायचे. आणि ते पुसायचे तर मुलांनीच, कारण देऊन.

पहिले विधान आले, "सम संख्या येत नाहीत." ते दोन मिनिटेही टिकले नाही, ६ वाल्या जोडीने ते पुसले. मग, "चारच्या पाढ्यातल्या येत नाहीत." त्याला १२ आडवी आली. "१ सोडून सगळ्या विषम संख्या येतात." हे टिकले. "तिनाच्या पाढ्यातल्या सगळ्या येतात." हेही टिकले. आणि तास संपता संपता एक मुलगा म्हणाला, "न येणाऱ्या संख्याच बघा ना! १, २, ४, ८, १६."

आम्ही दचकलोच. तीच ओळ! वर्तुळाच्या वेळची तीच पाच पदे. वर्गाने लगेच ठरवून टाकले की पुढची न येणारी संख्या ३२. या वेळी आम्ही मान डोलावली नाही. गेल्या वर्षीची वर्तुळाची गोष्ट, ३१ खोडण्यासह, मुलांना सांगितली आणि विचारले, "मग आता ३२ वर विश्वास कसा ठेवायचा?"

बत्तीसची झडती

दुसऱ्या तासाला मुले ३२ च्या मागे लागली. आधी वाटेल तशा बेरजा करून पाहिल्या. मग एका जोडीला सुचले की बेरजेत किती संख्या आहेत यावरून विभागणी करावी. दोन क्रमागत संख्यांची बेरीज नेहमी विषम असते, म्हणून ३२ नाही. तीन संख्या असतील तर बेरीज मधल्या संख्येच्या तिप्पट असते. ३२ ला ३ ने भाग जात नाही. चार संख्यांच्या बेरजा १०, १४, १८, २२, २६, ३०, ३४ अशा चार-चारने वाढतात. त्यांत ३२ नाही. पाच संख्यांची बेरीज मधलीच्या पाचपट. सहा संख्यांच्या बेरजा २१, २७, ३३ अशा. सात संख्यांची बेरीज मधलीच्या सातपट, म्हणजे २८, ३५. आणि आठ संख्यांची लहानात लहान बेरीजच ३६, म्हणजे पुढे शोधायची गरज नाही. ३२ खरोखरच येत नाही!

सात पायऱ्यांची ही झडती मुलांनी स्वतः घेतली. तिचे मोल ३२ चे उत्तर मिळण्यापुरते नव्हते. 'सापडले नाही' आणि 'असूच शकत नाही' या दोन गोष्टींतला फरक त्यांना इथे प्रथम कळला.

पण मग ६४? १२८? प्रत्येकीची अशी झडती किती दिवस घेणार? तेव्हा कारण हवे.

मधल्या संख्येची किल्ली

कारणाचा धागा झडतीतच होता. तीन, पाच, सात अशा विषम पदांच्या बेरजेत एक मधली संख्या असते आणि बेरीज तिच्या तेवढ्याच पट असते. हे उलटे वापरून पाहू. २० ला ५ ने भाग जातो, भागाकार ४. तर मध्ये ४ ठेवून दोन्हीकडे दोन-दोन संख्या घ्या : २ + ३ + ४ + ५ + ६. झाले २०!

आता १४ घ्या. तिला ७ ने भाग जातो, भागाकार २. मध्ये २ ठेवून दोन्हीकडे तीन-तीन संख्या घेतल्या तर −१, ०, १, २, ३, ४, ५ अशी ओळ मिळते. इथे मुले अडली. उणे एक ही काही नैसर्गिक संख्या नव्हे. थोडा वेळ शांतता पसरली. आम्हालाही बोलायचा मोह होत होता, पण गप्प बसलो. मग एक मुलगी उठून फळ्याशी आली. तिने −१ आणि १ या दोहोंवर काट मारली, मग ० वर मारली, आणि उरलेले वाचले : २ + ३ + ४ + ५. आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलेली १४ ची बेरीज तीच होती.

ही युक्ती नेहमी चालते. २२ मध्ये ११ हा विषम विभाजक आहे, मधली संख्या २. दोन्हीकडे पाच-पाच घेतल्या की −३ पासून ७ पर्यंत अकरा संख्या येतात. ऋण संख्या तीन, धन संख्या सात. तीन धन संख्या तीन ऋण संख्यांनी खोडल्या जातात आणि चार उरतात : ४ + ५ + ६ + ७. ऋण संख्या आल्या तर शेवटी उरणाऱ्या संख्या नेहमी मधल्या संख्येच्या दुप्पट असतात, म्हणून दोनांपेक्षा कमी कधीच उरत नाहीत. शून्यापासून सुरुवात झाली तर नुसते शून्य गाळायचे. तरीही निदान दोन संख्या राहतात. याचा अर्थ असा की ज्या संख्येला १ पेक्षा मोठा विषम विभाजक आहे, ती प्रत्येक संख्या क्रमागत संख्यांच्या बेरजेत लिहिता येते.

आता उलट बाजू. एखादी संख्या अशा बेरजेत लिहिता आली आहे असे समजू. बेरजेतील पदे विषम असतील, तर पदांची संख्या हाच तिचा विषम विभाजक. पदे सम असतील, तर पहिले आणि शेवटचे, दुसरे आणि शेवटून दुसरे अशा जोड्या लावा. प्रत्येक जोडीची बेरीज सारखीच येते. पदे सम असली की पहिल्या-शेवटच्या पदांपैकी एक सम आणि एक विषम असते, म्हणून जोडीची बेरीज विषम, आणि तिने मूळ संख्येला भाग जातो. (१४ = २ + ३ + ४ + ५ यात जोडीची बेरीज ७.) म्हणजे दोन्ही प्रकारांत १ पेक्षा मोठा विषम विभाजक असलाच पाहिजे.

१, २, ४, ८, १६, ३२, ६४... यांना असा विषम विभाजक नसतो, कारण २ ने गुणत गेल्यानेच त्या तयार होतात. म्हणून त्या येत नाहीत; आणि त्यांच्याखेरीज बाकी सगळ्या येतात. आता ६४ ची झडती घ्यायला नको, की लक्षावधीच्या घरातल्या २ च्या घाताचीही नको.

पुन्हा वर्तुळाकडे

तिसऱ्या तासाला मुलांनीच मागणी केली, की मग वर्तुळात ३१ का? हेही कारण अवघड नाही. एक नवा रेषाखंड काढला की तो निदान एका भागाचे दोन करतो, म्हणजे एक भाग वाढतो. शिवाय तो जितक्या जुन्या रेषाखंडांना छेदेल तितके आणखी भाग वाढतात. म्हणून एकूण भाग = १ + रेषाखंडांची संख्या + छेदनबिंदूंची संख्या.

परिघावरचे कोणतेही चार बिंदू घेतले की चौकोन होतो आणि त्याचे दोन कर्ण एकदाच छेदतात. म्हणजे जितक्या प्रकारे चार बिंदू निवडता येतील तितके छेदनबिंदू. पाच बिंदूंत १० रेषाखंड आणि ५ छेदनबिंदू, म्हणून १ + १० + ५ = १६. सहा बिंदूंत रेषाखंड १५; चार बिंदू निवडणे म्हणजे दोन सोडणे, म्हणून छेदनबिंदूही १५. एकूण १ + १५ + १५ = ३१. दुपटीचा नियम तिथे कधी नव्हताच; पहिल्या पाच पदांपुरता तो तसा दिसत होता. काही मुलांच्या आकृतीत ३० भाग आले. त्यांनी सहा बिंदू समान अंतरावर घेतले होते, त्यामुळे मधले तीन रेषाखंड एकाच बिंदूत छेदले आणि तिथला चिमुकला त्रिकोण नाहीसा झाला.

एकाच पाच पदांच्या ओळीपुढे एका ठिकाणी ३१ येतात आणि दुसऱ्या ठिकाणी ३२. नुसत्या ओळीकडे कितीही टक लावून पाहिले तरी यातले कोणते खरे हे कळणार नाही. ती ओळ कशातून आली हे पाहावे लागते. आम्हाला मुलांना सांगायचे होते ते एवढेच.

शिक्षकाने काय करावे?

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि शेवटी मागे वळून पाहणे. आपल्या वर्गात चौथी पायरी बहुधा गळते, कारण तोवर घंटा होते. संख्यांच्या आकृतिबंधांचा उपयोग करायचा तर याच पायरीसाठी वेळ राखून ठेवायला हवा. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आम्हालाही असते. पण या तीन तासांत बीजगणित, विभाजक, ऋण संख्या आणि सिद्धता यांची जी उजळणी झाली, ती वेगळी घेतली असती तर तीन तासांत खचितच झाली नसती.

दुसरे असे की चुकीचे विधान हे वर्गाचे भांडवल असते. "चारच्या पाढ्यातल्या येत नाहीत" असे कोणी म्हणाले नसते, तर २ च्या घातांकडे कोणाचे लक्ष गेले नसते. आणि तिसरे, एखादे मूल सर्वांपेक्षा वेगळे उत्तर सांगत असेल, तर "पुन्हा मोज" म्हणण्याआधी शिक्षकाने स्वतः मोजावे.

संख्यांशी असे खेळण्याची परंपरा आपल्याकडच्या एका शाळामास्तरांनी जगापुढे ठेवली आहे. नाशिकजवळच्या देवळालीत १९६२ पर्यंत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुण शोधला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. इथेही वर्गाला विचारावे, "हजारो संख्या तपासायच्या का?" मोठ्यातून लहान असे अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढी येते. म्हणजे ती फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे, आणि अशा फरकांच्या जोड्या केवळ ५४ आहेत. एका वर्गातल्या मुलांनी वाटून घेतल्या तर एका तासात तपासून होतील.

वर्गासाठी दोन प्रश्न देऊन थांबतो. एक : १५ ही संख्या क्रमागत संख्यांच्या बेरजेत तीन प्रकारे लिहिता येते, १८ दोन प्रकारे. ४५ किती प्रकारे लिहिता येईल, आणि हे न मोजता कसे सांगता येईल? दोन : वर्तुळावर सात बिंदू घेतले तर भाग किती? सूत्राने ५७ येतात. पण सूत्रावर विसंबू नका. आकृती काढा आणि मुलांबरोबर स्वतःही मोजा.